जिवंत टायर

त्या आवारात टायरच्या दोनच जाती होत्या, जिवंत आणि मेलेले. पोटात पाणी टिकलं तर टायर जिवंत, झिरपलं तर मेलेला. तो कुठल्या देशातून आला, कुणाच्या गाडीखाली धावला, वरची नक्षी किती झिजली, ही सगळी चौकशी नंतरची. आणि कोण जिवंत, कोण मेलेला हे ठरवायचा मान आवारात एकाच बाईकडे होता. तिला सगळे पाणीवाली म्हणत. तिचं खरं नाव मालकालाही आठवत नसावं, आणि त्याला ते आठवलं नाही म्हणून तिचं कधी काही अडलं नाही.

आवार बंदराच्या मागच्या अंगाला होतं. क्रेनचा खडखडाट, डिझेलचा वास, आणि भिंतीला लागून माणसाच्या दुप्पट उंचीचे टायरचे ढीग. हे टायर फार लांबून येत. तिकडे म्हणे रस्त्यावर बर्फ पडतो, आणि टायरची नक्षी जराशी झिजली की लोक तो काढून टाकतात. काढलेला टायर ठेवायला मात्र त्यांच्याकडे जागा नसते. एवढ्या अवाढव्य देशांत जागा नाही आणि या मूठभर आवारात ती सापडते, हे गणित पाणीवालीला कधी सुटलं नाही. मालकाला सुटलं होतं, म्हणून तो मालक होता.

तिचं काम बघायला सोपं होतं. टायर उभा करायचा, डबाभर पाणी त्याच्या पोटात ओतायचं, गुडघ्याने दाब देत तो हळूहळू गोल फिरवायचा आणि बाहेरच्या अंगावर नजर ठेवायची. कुठे खिळा घुसून गेला असेल, कुठे रबराला चीर असेल, तर दाबाखाली तिथे घामाएवढा थेंब फुटतो. पण टायर मुळात काळा, धुळीने माखलेला, त्यात उन्हाने डोळे दिपलेले. तो थेंब दिसायला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. थेंब दिसला की खडूने पांढरी फुली. फुलीवाले भट्टीत जात, तिथे ते वितळवून त्यांचं तेल काढत, आणि त्या धुराने सगळी वस्ती खोकत बसे. जिवंत टायर पलीकडच्या शेडमध्ये जात, त्यांच्यावर नवं रबर चढे आणि ते कुठल्या तरी तिसऱ्याच देशात धावायला निघत.

पाणी टँकरचं होतं, आणि टँकर स्वतःच्या मर्जीचा मालक. त्यामुळे एका टायरचं पाणी फेकून द्यायची चैन तिथे नव्हती. एकाच्या पोटातलं पाणी दुसऱ्याच्या पोटात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, असं ती ओतत जायची. दिवसाच्या शेवटी ते कुठल्या तरी टायरातच राहायचं, सकाळी तिथूनच पुढे. ही युक्ती तिचीच होती आणि मालकाने तिचं त्याबद्दल चारचौघांत कौतुक केलं होतं. फुकटचं कौतुक करायला तो कधीच हात आखडता घेत नसे.

तिच्या हाताखालून मेलेला टायर जिवंत म्हणून सुटला असं कधी झालं नाही. ड्रायव्हर लोक चेष्टा करत, "पाणीवालीपुढे माणूस उभा करा, ती सांगेल जिवंत की मेलेला." तिला ही चेष्टा आवडायची. नवरा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो परत आलाच नाही. एखाद्या नव्या माणसाने त्याची चौकशी केली तर ती म्हणायची, "गळका निघाला. मी कधीच फुली मारून टाकली."

तिची मुलगी याच ढिगांच्या सावलीत वाढली. टायरच्या खाचांमध्ये खडे अडकून येत, परमुलखातल्या रस्त्यांचे खडे, काही तांबूस, काही निळसर. पाणीवाली ते स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढायची आणि पोरीला खेळायला द्यायची. पोर दिवसभर खडे झेलत बसे, म्हणून आवाराने तिचं नाव खडी ठेवलं. खडी मोठी झाली, कपड्यांच्या कारखान्यात शर्टाला काजं करायला लागली. पुढे एका सुताराशी लग्न झालं. तो परदेशात उंच इमारतींच्या स्लॅबसाठी फळ्या ठोकायचा आणि वर्षातून एकदा घरी यायचा. आवाराच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत दोन खोल्या होत्या, त्यात मायलेकी राहत.

खडीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. दुसऱ्या खेपेला ती कारखान्यातच कोसळली, तिथल्या बायकांनी तिला कापडाच्या गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने ही बातमी आईच्या कानात सांगितली, मोठ्याने सांगितली तर पुन्हा काही होईल अशा भीतीने. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, या वेळी हे मूल राहायला हवं असेल तर पाण्याची एक घागरसुद्धा नाही. खडीला हे मूल हवं होतं. तिला या जगात दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं, आणि तिच्या आईलाही.

आता गल्लीत पाणी भरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, तिथून घरापर्यंत चढ. पिण्याचं पाणी पाणीवाली स्वतः आणून झाकून ठेवायची, पण धुण्याभांड्यांचं पाणी दिवसभर लागतं आणि ती दिवसभर आवारात. तिने डोकं चालवलं. बर्फाच्या देशातून नुकताच एक कंटेनर आला होता, त्यातला माल ठणठणीत कोरडा. त्यातला ट्रकचा एक रुंद टायर तिने हेरला. पाणी ओतून, गुडघा देऊन, दोनदा फिरवून पाहिला. कुठे टिपूस नाही. असा जिवंत टायर वर्षाकाठी एखादा मिळतो. मालकाला विचारून घेतला, वरची कड कापून काढली आणि मागच्या दाराशी, छपराच्या सावलीत आडवा ठेवला. मध्ये भोक, भोवती गोल हौद. टँकरच्या दिवशी ती तो काठोकाठ भरून ठेवी. हौदाजवळ एक बुटकं स्टूल, म्हणजे लेकीला वाकायला नको, बसल्या बसल्या मगाने पाणी घेता येईल.

"शेजारणी जळतायत," खडी हसून म्हणाली. "म्हणतात, आम्हालाही असली आई हवी."

"टायर हवाय त्यांना, आई नको," पाणीवाली म्हणाली. पण तिचा ऊर भरून आला होता. पुढे हौसेने तिने शेजारच्या दोघींनाही असेच हौद करून दिले.

काही दिवसांनी हौदात बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. दुसऱ्या कुठल्या वस्तीत कुणी हे बघून तोंड वाकडं केलं असतं आणि पाणी फेकलं असतं. या वस्तीचं तसं नव्हतं. मागे एकदा वरच्या रंगाच्या कारखान्याने ओढ्यात काहीतरी सोडलं होतं. पाणी दिसायला नितळ, वास नाही, चव नाही, पण ओढ्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगले आणि ते पाणी प्यायलेली दोन माणसं गेली. तेव्हापासून लोकांनी आपली एक परीक्षा बसवली होती. ज्या पाण्यात किडा जगतो त्यात विष नाही. निर्जीव नितळ पाणी दिसलं की बायका घाबरायच्या, आणि अळी वळवळताना दिसली की जीव भांड्यात पडायचा.

"जिवंत आहे गं पाणी," पाणीवाली वाकून बघत म्हणाली. "खुशाल वापर. भांडी विसळताना फक्त फडक्यातून गाळून घे."

आणि खडीने खुशाल वापरलं.

पूर्वी वर्षातले दोनेक महिने तरी अंगावर जाड पांघरूण लागायचं, आणि त्या थंडीत डास आपोआप मरून जायचे. अलीकडे पांघरुणं पेटीतून बाहेरच येत नव्हती. बंदराला गोदामं वाढवायची होती म्हणून पलीकडची दलदल भराव घालून बुजवली. त्या दलदलीत बेडूक होते, चतुर होते, छोटे मासे होते, ते सगळे गेले. गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण बेडकांसाठी कोण रडतं? कंटेनर उघडताना बंदरावरचे अधिकारी दारू शोधत, सिगारेटी शोधत, एकदा तर टायरच्या पोटात लपवलेली घड्याळं सापडली. टायरच्या आतल्या कडेला धुळीच्या ठिपक्यांसारखं काय चिकटून आलंय हे बघायला कुणी वाकलं नाही. कशाला वाकतील? त्यावर जकात नव्हती.

तर असा एक नवा डास गल्लीत आला. लहान, काळा, पायांवर पांढरे पट्टे. दिसायला जुन्यापेक्षा रुबाबदार. गल्लीने त्याला 'साहेब' नाव ठेवलं, कारण तो भरदिवसा कामावर यायचा. रात्री सगळे नेमाने मच्छरदाणी लावत. डास रात्री चावतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त या साहेबाला ते कुणी कळवलं नव्हतं.

बायकोला दिवस राहिल्याचं कळल्यावर जावई रजा काढून आला. विमानातून उतरला तोच थोडा कणकणलेला. अंगावर लालसर पुरळ, डोळे लाल, सांधे ठणकत होते. तिकडे त्याच्या खोलीत बारा देशांतले कामगार दाटीवाटीने राहत, त्यांच्यातही निम्म्यांना हे होऊन गेलं होतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी दवाखान्यातही गेलं नव्हतं. रजा घेतली की पगार कापला जाई, म्हणून अंगात ताप असतानाच सगळे फळ्या ठोकत राहिले.

"जावईबापू, बायकोला बघून लाल झालात की काय?" पाणीवालीने चेष्टा केली.

"आई, विमानात फार गारठा होता हो," तो ओशाळून म्हणाला. "उद्या बरा होईन."

आणि झालाच बरा. तोवर दुपारच्या वेळी मागच्या दाराशी वारा येतो म्हणून तो तिथेच, हौदाशेजारी चटई टाकून पडून राहिला. साहेब त्याला चावत होते, तो हाताने वारत होता. खडी स्टुलावर बसून त्याच्याशी गप्पा मारायची. परदेशातल्या गमती ऐकून ती इतकी हसायची की पोट धरायची. पाणीवालीला तो आठवडा पुढे फार आठवायचा, कारण लेक इतकी हसलेली तिने त्याआधी कधी पाहिली नव्हती.

जावई परत गेल्यावर खडीच्या अंगावर पुरळ उठलं. बारीक ताप आला, डोळे लाल झाले. पाणीवालीने एक दिवस खाडा केला आणि लेकीला दवाखान्यात नेलं. रांगेत अर्धी गल्ली तसल्याच लाल डोळ्यांनी उभी होती. तिथल्या डॉक्टरांनी घसा पाहिला, गोळ्या दिल्या. साधा ताप आहे, म्हणाले, सगळीकडे चाललाय. त्यांचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही. त्या तापाबद्दल तोवर कुणालाच फार काही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांत ताप उतरला, पुरळ मावळलं. पोट शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी पाणीवाली पुन्हा टायर फिरवायला लागली.

खडीने पिवळ्या लोकरीचं टोपडं विणायला घेतलं. माप कसं घ्यायचं ते कळेना, तेव्हा शेजारणीच्या तान्ह्याचं डोकं दोऱ्याने मोजून आली. महिने भरत गेले तशी तिच्या चालण्यात ऐट आली. तपासणीला गेली की डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत बसायच्या. एकदा त्यांनी पडद्यावरचं माप पुन्हा पुन्हा घेतलं. मग म्हणाल्या, "डोकं जरा लहान वाटतंय. पुढच्या खेपेला पुन्हा बघू." पुढच्या खेपेला त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे खूप जणांनी पाहिलं, आपसांत बोलले, आणि मायलेकींना एवढंच सांगितलं की वाट बघा. वाट बघण्याखेरीज तोवर करण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

मुलगी झाली. जिवंत होती, दिवस पूर्ण भरलेली. हातपाय लांबसडक, बोटं सुंदर, भुवया बापासारख्या. कपाळ मात्र भुवयांच्या वर लगेच मागे वळलं होतं, आणि डोक्यावरची कातडी सैल होऊन तिच्या वळ्या पडल्या होत्या. ती रडत होती ते थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी काही न लपवता सांगितलं. मेंदू वाढला नाही. कदाचित तिला नीट दिसणार नाही, कदाचित मान धरणार नाही, झटके येतील, गिळायला त्रास होईल. पोटात असताना आईला आलेल्या एका तापाने हे होतं असं आता बाहेरून कळू लागलंय, म्हणाल्या.

"कुठला ताप?" खडीने विचारलं. "मला तर ताप आलाच नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो? तो तर दोन दिवसांचा होता."

पिवळं टोपडं घातलं तर ते डोळ्यांवर उतरलं, नाकावर आलं. खडीने ते काढलं, उसवलं, आणि इस्पितळाच्या खाटेवरच पुन्हा विणायला बसली. या वेळी माप घ्यायला शेजारणीचं पोर लागलं नाही.

आरोग्य खात्याच्या नर्सबाई आवारात आल्या तेव्हा नात तीन महिन्यांची झाली होती. एव्हाना बंदराच्या आसपास अशी आणखी काही मुलं जन्मली होती, आणि वर कुठेतरी कुणाचे तरी धाबे दणाणले होते. नर्सबाईंच्या हातात टॉर्च आणि पांढरी पळी. त्या ढिगाढिगांतून हिंडल्या, टायरात पळी घालून पाणी काढून बघितलं. मालक आतल्या खोलीत फोनवर होता, त्याने हाताने खूण केली, त्या बाईला विचारा.

"मावशी, या टायरांमध्ये जिवंत काही सापडतं का हो?" नर्सबाईंनी विचारलं.

आयुष्यभराचा अभिमान तोंडात तयारच होता. पाणीवाली म्हणाली, "सगळेच जिवंत आहेत, बाई. माझ्या हाताखालून मेलेला जात नाही."

नर्सबाईंच्या ध्यानात आलं की दोघी एका शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलतायत. त्यांनी पाणीवालीला जवळ बोलावलं, एका कोरड्या टायरच्या आत टॉर्च मारला आणि कडेला चिकटलेले काळे ठिपके दाखवले.

"ही अंडी आहेत. डासांची. अशीच कोरडी चिकटून समुद्र ओलांडून येतात. महिनोन् महिने काही होत नाही त्यांना. वाट बघतात."

"कशाची वाट?"

"पाण्याची. कुणीतरी पाणी ओतलं की फुटतात. मग अळी होते, अळीचा डास."

"आणि ताप? तोही यातूनच येतो?"

"नाही. ताप माणसाबरोबर येतो. विमानाने, बोटीने, कसाही. तापवाल्याला हा डास चावतो आणि मग दुसऱ्याला चावतो. डास इथे नसता तर ताप आल्या पावली विझला असता. माणूस आला नसता तर डास नुसताच चावत बसला असता. दोन्ही एका गल्लीत भेटले की संपलं." पाणीवालीचा चेहरा बघून मऊ आवाजात म्हणाल्या, "यात कुणा एकाचा दोष नसतो, मावशी."

पाणीवालीने हातातला डबा खाली ठेवला. त्या एका डब्याने तिने किती टायरांच्या पोटात पाणी ओतलं होतं, आणि किती जपून, थेंब वाया न घालवता, एकातलं दुसऱ्यात. दोष वाटला गेला म्हणजे आपल्या वाट्याचा हलका होतो असं नर्सबाईंना वाटत असावं. तिला तसं वाटलं नाही. आवाराच्या फाटकापर्यंत ती चालत गेली आणि तिथून घरापर्यंत, या वयात, पळत.

मागच्या दाराशी हौद उलटा पडला होता. कोरडा ठणठणीत. तळ वर केलेला, खालची जमीनही वाळून गेलेली, म्हणजे उलटून बराच वेळ झाला होता. खडी आत पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

"हे कुणी उलटं केलं?"

"मीच." खडीने वर पाहिलं नाही. "गळायला लागला होता तो."

पाणीवाली दारात उभी राहिली. सगळं आयुष्य घालवून तिला एकच गोष्ट खात्रीने येत होती. तो टायर गळणं शक्य नव्हतं. तिने तो दोनदा फिरवून पाहिला होता. पण ती म्हणाली, "असेल," आणि भांडी घासायला बसली.

मालकाने नर्सबाईंचं काही ऐकलं नाही. त्या म्हणत होत्या, टायरांना भोकं पाडा, नाहीतर छपराखाली ठेवा. भोक पाडलेला टायर विकत कोण घेणार, आणि एवढं छप्पर बांधणार कोण? एकदा सरकारी माणसं धूर फवारून गेली, फोटो काढून गेली, खोकला तेवढा वाढला. पाणीवाली आता प्रत्येक टायरचं पाणी तपासून झालं की तापलेल्या जमिनीवर ओतून द्यायला लागली. टँकर दुपारीच संपला तेव्हा मालकाने तिला पाण्यावरून काढलं आणि झाडू हातात दिला. तिच्या जागी दुसरी एक बाई आली, हाताने तरतरीत, नजरेने तिच्याइतकी नाही. ती एकातलं पाणी दुसऱ्यात ओतायची, जसं तिला सांगितलं होतं तसं. पाणीवाली झाडता झाडता बघत राहायची. पहिल्या दिवशी तिने त्या बाईला सगळं समजावून सांगितलं. त्या बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरं आहे हो तुमचं. पण मला दोन लेकरं आहेत."

जावयाचे फोन आधी रोज यायचे, मग अधूनमधून. आला की तो पोरीचं विचारायचा, आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरं काहीतरी बोलायला लागायचा. त्या तापाचं त्यालाही तिकडे कुणीतरी सांगितलं असावं. घरात त्या हौदाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. पाणीवालीने तो उचलून भट्टीत नेऊन टाकला, त्यावर आयुष्यातली एकुलती एक खोटी फुली मारून. पण मनातून तो जाईना. नात झटका येऊन ताठ झाली की ही तिला कुशीवर वळवून धरायची, आणि झटका ओसरला तरी सोडायची नाही. लेक माझा द्वेष करते, ती मनाशी म्हणायची, आणि तिला तो हक्क आहे.

एका दुपारी आवाराला सुट्टी होती. खडी दारात उजेडाला बसून पोरीच्या दुपट्याला टाका घालत होती. पोर जमिनीवर मऊ कपड्यात, नजर कुठेच न ठरणारी. पाणीवाली तिच्यासमोर बसली.

"तो टायर गळत नव्हता," ती म्हणाली.

खडीची सुई थांबली नाही. "हो."

"तुला कधी कळलं?"

"नर्सबाई आधी इथेच आल्या होत्या. त्या दिवशी सकाळी. हौदात टॉर्च मारला आणि सगळं सांगितलं. हा कुठून आणला, विचारलं. मी तुझ्या आवाराचा पत्ता दिला."

"मग मला का नाही बोललीस? एवढे दिवस मी..." तिने आपले दोन्ही हात पुढे केले. "मी हातांनी आणून ठेवला गं तो. चांगल्यातला चांगला निवडून. रागाव तरी. दोन शिव्या दे."

खडीने दोरा दाताने तोडला. दुपटं नीट घडी करून मांडीवर ठेवलं.

"रागावले होते. खूप. तुझं तोंड बघवत नव्हतं. मग विचार केला, सोमवारपासून मला कारखान्यात जायचंय. नाही गेले तर जागा जाईल, आणि तुझ्या झाडूच्या पगारात घर चालत नाही. मी गेल्यावर हिला कोण बघणार? तीन घास भरवायला हिला तास लागतो. शेजारीण दोन दिवस करील, तिसऱ्या दिवशी टाळेल. तुझ्यावर राग धरला तर हिला कोण धरेल, आई? मला तो राग परवडत नाही." तिने सुई दुपट्याच्या कडेला खोचली. "कधी परवडला तर सांगेन तुला."

पाणीवालीने नात उचलली. एक हात मानेखाली, कारण मान धरत नव्हती. वाटीतल्या दुधाचा चमचा पोरीच्या ओठाशी नेला, थोडं दूध जिभेवर सोडलं आणि थांबली. भरवताना घाई करायची नाही, आत गेलेलं आत राहिलं का ते बघायचं आणि मगच पुढचा चमचा, असं इस्पितळात शिकवलं होतं. तिने पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि ओठांच्या कडेला कुठे थेंब फुटतो का ते बारीक नजरेने बघत राहिली.